सुटींतील प्रयोगशाळा

उन्हाळ्याची सुटी म्हटली कीं आजोळ, आंबे आणि दुपारची झोंप हेंच चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु जीवशास्त्राच्या इतिहासांत या सुटीनें मोठें कार्य केलेलें आहे. त्याचा अल्पसा वृत्तांत आज सांगावयाचा आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ पेनिकीज नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेथें लुई अगासी या प्राणिशास्त्रज्ञांनीं १८७३ च्या जुलैंत उन्हाळी शाळा उघडली. सुमारें ५० विद्यार्थी जमले. त्यांत पुष्कळ शाळाशिक्षक होते, स्त्रियाही होत्या. ग्रंथ मिटावा आणि समुद्रांतील जिवंत प्राणी स्वतः पाहावा, हाच तेथील पाठ. त्याच डिसेंबरांत अगासी निवर्तले आणि दुसऱ्या उन्हाळ्यानंतर शाळाही बंद पडली. शाळा गेली, पण कल्पना उरली. १८८८ मध्यें जवळच वुड्स होल येथें सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा निघाली. आणि १९५९ पासून कोल्ड स्प्रिंग हार्बर येथें पदवीपूर्व विद्यार्थी उन्हाळ्यांत प्रत्यक्ष संशोधन करूं लागले.

आपल्या दाराशीं ही कल्पना येण्यास काळ लागला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत, होमी भाभांच्या निमंत्रणावरून, ओबेद सिद्दिकी यांनीं १९६२ मध्यें रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. याच संस्थेच्या मानखुर्द येथील विज्ञान शिक्षण केंद्रांत २००४ मध्यें पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीं एक राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. सुटींत शिबिर, आणि निवडलेल्यांना पुढें शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखालीं संशोधन, असें त्याचें स्वरूप. वर्गांतील प्रयोगाचें उत्तर वहींत आधींच लिहिलेलें असतें. येथें तें कोणासच ठाऊक नसतें. फरक एवढाच, पण त्यानेंच विद्यार्थी घडतो.

कल्याण-डोंबिवलीची एखादी विद्यार्थिनी ठाणें आणि वाशी येथें गाडी बदलून मानखुर्दला निघाली, तर वाटेंत तिची गाडी ठाण्याची खाडी ओलांडते. खालीं चिखल, तिवरांचें रान आणि रोहित पक्ष्यांचे थवे. २०१५ मध्यें तेथें रोहित पक्ष्यांचें अभयारण्य जाहीर झालें आणि २०२२ मध्यें खाडीस रामसर स्थळाचा मान मिळाला. म्हणजे अगासींना ज्यासाठीं बेट गांठावें लागलें, तें ठाणेंकरांच्या अंगणांतच आहे!

तरीही एक शल्य उरतें. शिबिरांतील जागा थोड्या. शिवाय ज्या घरीं सुटी म्हणजे चार पैसे मिळविण्याचे दिवस, तेथील मुलीनें दोन महिने सूक्ष्मदर्शकापुढें कसे घालवावे? म्हणून अशा विद्यार्थ्यांचें विद्यावेतन हें बक्षीस नव्हे. तें प्रवेशद्वार आहे. ठाण्याचें बांदोडकर महाविद्यालय १९७६ चें, कल्याणचें बिर्ला महाविद्यालय १९७२ चें. खाडीचा इतिहास त्यांहून कितीतरी जुना. दूरच्या प्रयोगशाळेंत ज्यांना जागा मिळाली नाहीं, त्यांच्या हातीं एक भिंग, एक वही आणि एक जाणता शिक्षक द्यावा. भरती-ओहोटीस सुटी नसते. पाहणारा तेवढा हवा.