पेश्तचा महापूर आणि व्हिएन्नातील जलसे

देशावर अथवा नगरावर आपत्ती कोसळली असता गायक-वादकांनी जलसे करावेत, नटमंडळींनी खेळ लावावेत आणि त्यांचे उत्पन्न पीडितांच्या मदतीस द्यावे, ही रीत आज इतकी अंगवळणी पडली आहे की, तिलाही काही आरंभ असेल आणि तो आरंभ कोणा एका माणसाच्या निश्चयात सापडेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. धर्मादायासाठी संगीत ही गोष्ट युरोपात तशी जुनीच. हँडेलचा ‘मसाया’ १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये प्रथम गायला गेला, तो कर्जापायी तुरुंगात खितपत पडलेल्यांच्या सुटकेसाठी आणि रुग्णालयांच्या साहाय्यासाठी. व्हिएन्नात १७७१ मध्ये वादकांच्या विधवा व अनाथ मुले यांच्या निर्वाहासाठी एक संस्थाच स्थापन झाली होती. आणि बेथोव्हेनची सातवी सिंफनी डिसेंबर १८१३ मध्ये प्रथम वाजली, तीही हानाउच्या लढाईत जखमी झालेल्या शिपायांसाठी केलेल्या जलशात. परंतु परमुलखात सुखाने राहणाऱ्या कलावंताने वृत्तपत्रात दूरच्या पुराची वार्ता वाचावी, हातचे सर्व सोडून प्रवासास निघावे आणि तिसऱ्याच नगरात जाऊन जलशांची मालिका मांडावी, या प्रकाराचे पहिले ठळक उदाहरण माझ्या मते १८३८ सालचे आहे. त्या उदाहरणाचा नायक म्हणजे फ्रान्झ लिस्ट, आणि निमित्त डॅन्यूब नदीचा महापूर.

त्या काळी बुडापेस्ट हे एक नगर नव्हते. डॅन्यूबच्या पश्चिम तीरावर टेकड्यांच्या आश्रयाने वसलेले बुडा आणि पूर्व तीरावरील सपाटीत झपाट्याने वाढत चाललेले पेश्त, अशी ती दोन स्वतंत्र गावे होती, आणि त्यांना जोडणारा कायमचा पूलही अद्याप झालेला नव्हता. त्या वर्षीचा हिवाळा अतिशय कडक गेला. नदी गोठली, वसंताच्या चाहुलीने बर्फ फुटले, आणि त्याचे प्रचंड तुकडे खाली वाहत जाऊन चेपेल बेटाच्या परिसरातील उथळ पात्रात अडकले, तेव्हा जणू नदीने आपल्याच वाटेत आपल्या हातांनी बांध घातला. १३ मार्चच्या रात्री पेश्तचे मातीचे बांध फुटले. पुढील दोन दिवस पाणी चढत राहिले, आणि ते ओसरू लागण्यास १८ मार्च उजाडला. पेश्तमधील एकंदर ४,२५४ घरांपैकी २,२८१ घरे जमीनदोस्त झाली. दीडशेहून अधिक माणसे दगावली आणि हजारो कुटुंबे उघड्यावर पडली. घरांचा हा संहार एवढा मोठा का झाला, याचे कारण पाण्याच्या वेगापेक्षा बांधकामाच्या जातीत अधिक आहे. गरिबांच्या वस्त्यांतील घरे कच्च्या विटांची होती, आणि अशी भिंत पाण्यात उभी राहिली की एकदम पडत नाही. ती आतून भिजत जाते, आणि माळ्यावर आश्रय घेतलेल्या माणसांसह मध्यरात्री खाली बसते. पेश्तमध्ये पुष्कळ ठिकाणी नेमके हेच घडले.

या पुराच्या आठवणीत हंगेरियन लोकांनी जे नाव सर्वांत आदराने जपले आहे, ते बॅरन मिक्लोश वेशेलेन्यी यांचे. सरकारविरुद्ध भाषण केल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालू होता; तरीही हा मनुष्य नाव घेऊन अहोरात्र बुडत्या गल्ल्यांतून फिरत राहिला आणि माळ्यांवरून, छपरांवरून माणसे उतरवून घेत राहिला. पुढल्याच वर्षी त्यांना कारावासाची शिक्षा झाली, ती झालीच! ‘पुराचा नावाडी’ ही लोकांनी दिलेली पदवी मात्र कोणत्याही न्यायासनाला काढून घेता आली नाही. पूर ओसरल्यावर मदतीचे ओघ चहूंकडून सुरू झाले, त्यांत एक साहित्यिकही होता. पुराने ज्याचे जबर नुकसान झाले अशा हेकेनास्ट नामक प्रकाशकाच्या साहाय्यार्थ योझेफ एत्व्हश या तरुण लेखकाने नामवंतांचे लेखन गोळा करून ‘बुडापेस्ट पूरग्रंथ’ या नावाने १८३९ ते १८४१ या काळात पाच खंड काढले, आणि स्वतःची पहिली कादंबरीही त्यातच छापण्यास दिली.

लिस्ट त्या वेळी व्हेनिसमध्ये होता. वय अवघे सव्वीस. पॅरिसच्या दिवाणखान्यांत पियानोवादक म्हणून त्याचा दबदबा निर्माण झाला होता, आणि मारी दागू या सरदार घराण्यातील विदुषीसह तो इटलीत प्रवास करीत राहत होता. जन्माने तो हंगेरियन मुलखातला. त्याचे वडील एस्टरहाझी सरदारांच्या जहागिरीत कारकुनी करीत. परंतु बालवयातच तो शिक्षणासाठी व्हिएन्नात आणि तेथून पॅरिसला गेल्यामुळे हंगेरियन भाषा त्याला जवळजवळ अवगत नव्हती. पेश्तच्या विध्वंसाचा वृत्तान्त वाचल्यावर आपल्या मनाची काय अवस्था झाली, हे त्याने पुढे पॅरिसच्या संगीतविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या एका पत्रात सांगितले आहे. विसरलेली जन्मभूमी अकस्मात् डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि आपण कोणत्या लोकांचे आहोत याची जाणीव प्रथमच झाली, असा त्याचा आशय आहे. या पत्रातील भाषा भावनेने ओथंबलेली आहे हे खरे. तथापि ती केवळ क्षणिक उमाळा होती असे म्हणता येत नाही. गेली काही वर्षे लिस्ट आबे लामने यांच्यासारख्या धर्मचिंतकाच्या सहवासात वावरला होता, समाजात कलावंताचे स्थान काय असावे यावर त्याने १८३५ मध्ये लेखमाला लिहिली होती, आणि पूर्वीही गरजूंच्या साहाय्यार्थ त्याने पियानो वाजविला होता. १८३७ च्या मार्चमध्ये पॅरिसला थालबर्ग या प्रतिस्पर्ध्याशी त्याचा जो गाजलेला सामना झाला, तोही बेल्जोयोझो या राजकन्येने इटालियन निर्वासितांच्या मदतीसाठीच घडवून आणला होता. तात्पर्य, पेश्तच्या वार्तेने ठिणगी पडली. सरपण आधीपासून रचलेले होते.

एप्रिलच्या आरंभीच तो व्हेनिस सोडून व्हिएन्नास निघाला. पेश्तऐवजी व्हिएन्नाच का, हा प्रश्न साहजिक आहे. परंतु उद्ध्वस्त गावात जलसा करून तेथील दरिद्री रहिवाशांपुढे थाळी फिरविण्यात काय हंशील? धनिक राजधानीत जावे, तेथील उमराव, सावकार आणि दरबारी मंडळी यांच्या थैल्यांना हात घालावा, आणि तो पैसा नदीच्या प्रवाहाबरोबर खाली पेश्तला पाठवावा, हाच व्यवहाराचा मार्ग होता. त्याचा प्रारंभीचा बेतही आटोपशीर होता: दोन जलसे करावेत, एक पूरग्रस्तांसाठी आणि दुसरा वाटखर्च भागविण्यासाठी, आणि मग पडशी पाठीला मारून हंगेरीच्या अंतर्भागात पायी भटकंती करावी.

त्या काळी जलसा उभा करणे म्हणजे काय, हे आजच्या वाचकाने ध्यानी घेतले पाहिजे. कलावंतासाठी सर्व तजवीज करणारे व्यवस्थापक तेव्हा नव्हते. दिवाणखाना भाड्याने ठरविणे, पोलिसांची परवानगी मिळविणे, जाहिराती छापणे, मधूनमधून गाण्यासाठी एखादा गायक मिळविणे, पियानो आणविणे आणि तो जागेवर जुळवून घेणे, हा सारा बंदोबस्त कलावंताने किंवा त्याच्या वतीने एखाद्या स्नेह्याने करावयाचा असे. ऑस्ट्रियाचा चान्सलर मेटर्निख याच्या अमलात व्हिएन्नाच्या पोलिसांची नजर कोणावर नसे असे नाही. लिस्टचे पॅरिसमधील स्नेहसंबंध, आणि विवाहित स्त्रीशी असलेले त्याचे नाते, यांची नोंद त्यांच्या दप्तरी होतीच. अशा ठिकाणी टोबियास हास्लिंगर हा संगीताचा प्रकाशक त्याला पाठीराखा लाभला, हे मोठे सुदैव. प्रकाशकाचा यात स्वार्थ होता काय? होता, शुबर्टच्या गीतांची लिस्टने केलेली पियानोरूपे छापण्यात हास्लिंगरचा उघड लाभ होता. पण या स्वार्थानेच दहा वर्षांपूर्वी निवर्तलेल्या आणि स्वतःच्या नगरातही पुरता न ओळखला गेलेल्या शुबर्टची गीते त्या वसंतात पुनश्च लोकांच्या कानी पडली, आणि तेथून युरोपभर पसरली. पुराच्या निमित्ताने संगीताला झालेला हा लाभ लहान नव्हे.

पहिला जलसा १८ एप्रिल १८३८ रोजी संगीतप्रेमी मंडळाच्या दिवाणखान्यात झाला. ही जागा सुमारे सातशे श्रोत्यांची. काही आठवड्यांपूर्वीच क्लारा वीक या तरुण पियानोवादिकेने व्हिएन्ना जिंकून घेतले होते आणि दरबाराकडून सन्मानाची पदवीही मिळविली होती. तिने व तिच्या वडिलांनीही हा नवा वादक ऐकला. लाकडी सांगाड्याच्या त्या पियानोंना लिस्टच्या हातांचे बळ पेलेना. तारा तुटत, दुसरे वाद्य पुढे सरकवावे लागे, आणि श्रोते मात्र उठून जाण्याऐवजी अधिकच उसळत. दोन जलशांचा बेत केव्हाच मागे पडला. मे महिना संपत आला तरी जलसे चालूच होते, आणि लिस्ट व्हिएन्नाचा लाडका झाला होता.

येथे हिशेबाचा प्रश्न येतो, आणि तो टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. लिस्टच्या चरित्रग्रंथांतून पिढ्यान्‌पिढ्या असे लिहिले गेले की, त्याने हे सर्व जलसे पूरग्रस्तांसाठी केले आणि २४,००० गुल्डनची रक्कम पेश्तला पाठविली. पुढे संशोधकांनी त्या काळच्या वृत्तपत्रांतील जाहिराती व वृत्तान्त बारकाईने चाळले, तेव्हा वेगळे चित्र दिसले. पहिला जलसा निःसंशय पूरग्रस्तांसाठीच होता. पुढील जलशांपैकी काही व्हिएन्नातील अन्य धर्मादाय कार्यांसाठी होते, आणि काहींचे उत्पन्न लिस्टने स्वतःसाठी घेतले. हे कळल्यावर त्याच्या औदार्याविषयी शंका घेणारे अभ्यासकही निघाले. मला त्यांचा निष्कर्ष मान्य नाही. कोणता जलसा कोणासाठी, हे त्याने लपविले नव्हते. ज्या जाहिरातींवरून आज हा भेद कळतो, त्या त्याच दिवसांत छापल्या गेल्या होत्या. आपल्याकडील नाटक मंडळ्यांचा शिरस्ता ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात विपरीत काहीच वाटणार नाही. मुक्कामी मंडळी एखाद्या रात्रीचा खेळ गावच्या शाळेस अथवा ग्रंथालयास देई, आणि दुसऱ्या रात्रीच्या उत्पन्नावर बिऱ्हाडाचे पोट भरी. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी जो संयुक्त ‘मानापमान’ केला, त्यामागे दोन्ही मंडळ्यांच्या अशा कमाईच्या रात्रींचेच बळ उभे होते. जो कलावंत स्वतः जगतो, तोच पुन्हापुन्हा देऊ शकतो. दोष द्यावयाचा तर तो वीरपूजेच्या भरात दोन जमाखर्च एकत्र करणाऱ्या चरित्रकारांना द्यावा.

या दातृत्वाची एक किंमत मात्र वेगळ्याच व्यक्तीने मोजली. मारी दागू व्हेनिसमध्ये मागे राहिली होती. तिची धाकटी मुलगी कोझिमा जेमतेम चार महिन्यांची होती, आणि त्यातच मारी आजारी पडली. ती पत्रांतून त्याला परत बोलावीत होती, आणि व्हिएन्नाहून उत्तरे येत ती नव्या जलशांच्या वर्णनांची. मे महिन्याच्या अखेरीस तो परतला. हंगेरीची पदयात्रा राहून गेली. तिच्या आठवणींत या दिवसांविषयी जो कडवटपणा आहे, तो अन्यायाचा म्हणता येत नाही. परक्यांच्या दुःखासाठी धावणाऱ्या माणसाच्या घरातील माणसे पुष्कळदा अशीच एकटी पडतात, आणि मदतीचा इतिहास लिहिताना त्यांची नोंद कोणी करीत नाही.

व्हिएन्नाच्या त्या वसंताने लिस्टच्या पुढील आयुष्याची दिशा ठरविली. १८३९ च्या शरद ऋतूत तो पुनश्च व्हिएन्नास आला आणि तेथून प्रथमच प्रौढ वयात पेश्तला पोहोचला. ४ जानेवारी १८४० रोजी तेथील रंगभूमीवर त्याला मानाची तलवार अर्पण झाली, आणि त्याने आभाराचे भाषण केले ते फ्रेंच भाषेत. पुढील सात-आठ वर्षे तो सबंध युरोपभर जलसे करीत फिरला. बॉन येथील बेथोव्हेनच्या स्मारकासाठी वर्गणी अपुरी पडत आहे असे कळताच उरलेला भार त्याने स्वतःवर घेतला, आणि १८४५ च्या ऑगस्टमध्ये ते स्मारक उभे राहिले. १८४७ नंतर त्याने स्वतःच्या लाभासाठी जाहीर वादन करणे सोडून दिले. त्यानंतर तो लोकांपुढे पियानोला बसला, तो बहुधा कोणाच्या तरी मदतीसाठीच.

१२ मार्च १८७९ रोजी तिसा नदीने दक्षिण हंगेरीतील सेगेद हे शहर बुडविले. तेथील ५,७२३ घरांपैकी अवघी २६५ घरे शिल्लक राहिली. लिस्टने तेव्हा सदुसष्टी ओलांडली होती. बुडापेस्टमध्ये तो संगीत विद्यालयाचा अध्यक्ष होता, आणि सेगेदच्या पूरग्रस्तांसाठी त्याने पुन्हा जलशात वाजविले. या वेळी त्याला कोठे दूर जावे लागले नाही. मदत मात्र फार दूरदूरच्या नगरांतून आली, आणि सेगेद नव्याने बांधले गेले तेव्हा शहराभोवतीच्या वर्तुळाकार हमरस्त्याच्या भागांना त्या नगरांची नावे देण्यात आली: व्हिएन्ना, मॉस्को, लंडन, पॅरिस, बर्लिन, ब्रसेल्स आणि रोम.