यमू जनगणनेत सापडत नाही

माझं पीएच.डी.चं काम एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनेवर आहे. मूळ शिक्षण संख्याशास्त्राचं, त्यामुळे तक्ता दिसला की मला बरं वाटतं. १८८१ आणि १८९१ च्या जनगणनेत वयोगटांनुसार अविवाहित, विवाहित, विधवा असे रकाने आहेत. 'विधवा' या रकान्यात दहा वर्षांखालच्या मुलीही मोजलेल्या आहेत. आकडा वाचून पोटात कालवतं, पण तक्ता त्यापुढे काही बोलत नाही. ती मुलगी कुणाच्या घरात राहत होती? मोजणीदाराला उत्तर कुणी दिलं? बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाने.

नेमक्या याच काळात, १८९० मध्ये, हरि नारायण आपट्यांनी पुण्यात 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. बाहेर संमतिवयाचा वाद पेटलेला. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करणारा कायदा १८९१ च्या मार्चमध्ये झाला. टिळक विरोधात, आगरकर बाजूने, हे आपण शाळेपासून ऐकतो. या सगळ्या गदारोळात बोलत होते ते पुरुष. कादंबरीत मात्र यमू स्वतःची हकिगत स्वतः सांगते. माहेर, सासर, नवऱ्याबरोबर मुंबईत आल्यावर मिळालेली थोडी मोकळी हवा, मग वैधव्य आणि शंकरमामंजींच्या पुढाकाराने झालेलं सक्तीचं केशवपन. पण मला जास्त हलवलं ते त्याआधीच्या पानांनी. कुणी कुणाशी किती मोठ्याने बोलायचं, कुणाच्या देखत हसायचं नाही, हे घरातलं सगळं राजकारण. अशा गोष्टींना रकाना नसतो.

आता तुम्ही विचाराल, मग प्रबंधात हा पुरावा म्हणून चालेल का? सरळ उचलून 'त्या काळी विधवांची स्थिती अशी होती' असं लिहिलंत तर गाईड तांबड्या पेनाने खोडेल, आणि बरोबरच करेल. यमूचा 'मी' लिहिणारा माणूस पंचविशीतला, सुधारकी मताचा, पुण्यातला ब्राह्मण पुरुष होता. इतर जातींतल्या विधवांबद्दल, जिथे पुनर्विवाह चालत होता, ही कादंबरी फारसं सांगत नाही. आणि तेव्हा बायका स्वतः लिहीत नव्हत्या असंही नाही. ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ ची आहे. खुद्द हरिभाऊंच्या स्नेही काशीबाई कानिटकर लेखिका होत्या. यमूच्या आवाजात अशा मैत्रीतून काय उतरलं असेल, हा माझ्या मते अजून नीट खोदण्यासारखा विषय आहे. (कुणाला विषय हवा असेल तर घ्या!)

तरीही माझ्या कामाला या कादंबरीने जे दिलं ते दुसऱ्या कुठल्या साधनाने दिलं नव्हतं. 'विधवा' ही मी एकच वर्गवारी धरून चालले होते. तक्ताच तसा आहे. यमूच्या बाबतीत सगळं ठरतं ते छप्पर कुणाचं यावरून: नवरा असताना मुंबईचं बिऱ्हाड आणि तो गेल्यावर सासरचं घर. तीच बाई, तेच वय, पण तिच्या डोक्यावरचे केस राहणार की जाणार हे घराच्या पत्त्यावर. म्हणजे वयापेक्षा राहण्याचं ठिकाण हा माझा महत्त्वाचा चल निघाला.

अडचण अशी की छापील तक्त्यांत तो नाही. घरोघरी भरलेल्या मूळ याद्या बेरजा झाल्यावर सहसा जपून ठेवल्या जात नसत. म्हणून सध्या मुंबई हायकोर्टाचे पोटगीचे जुने निवाडे वाचते आहे. सासरचं घर सोडून वेगळं राहिलं तरी पोटगी मिळावी म्हणून भांडणाऱ्या विधवा तिथे भेटतात. भाषा रुक्ष, वकिली. पण मधूनच घरात कोण कोण होतं, खोली कुणाची, स्वयंपाक एकत्र की वेगळा, याचा तपशील येतो, आणि मी पेन्सिल घेऊन वहीत नवा रकाना आखते.