तेल महागले, गाडी मात्र मोठीच

पेट्रोल महागले की लोक लहान गाड्या घेतील, हे विधान इतके सरळ वाटते की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. किंमत वाढली की मागणी घटते, हा तर अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यातला नियम. गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेत या नियमाची पुन्हा पुन्हा परीक्षा झाली. १९७३-७४, १९७९-८०, २००८ आणि २०२२ अशा चार वेळा तिथे पेट्रोल झपाट्याने महागले. मोठ्या गाड्यांचे दिवस आता संपले, असे प्रत्येक वेळी बोलले गेले. प्रत्यक्षात २०२३ साली तिथे तयार झालेल्या दर दहा नव्या हलक्या वाहनांपैकी सुमारे सहा वाहने कायद्याच्या भाषेत ‘ट्रक’ या वर्गात मोडत होती. असे का झाले असावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना थोडा इतिहास, थोडे भौतिकशास्त्र आणि पाचवी-सहावीचा भागाकार या तिन्हींची मदत घ्यावी लागते.

१९७३ची रांग

१९७३च्या आधी अमेरिकेत पेट्रोल पाण्यासारखे स्वस्त होते. एका गॅलनला (३.७९ लिटर) चाळीस सेंटपेक्षा कमी, म्हणजे लिटरला जेमतेम दहा सेंट पडत. १९५६च्या कायद्यानंतर देशभर रुंद महामार्ग बांधले गेले होते. लोक शहराबाहेर राहायला गेले होते आणि घर, शाळा, दुकान, कामाची जागा ही सगळी एकमेकांपासून मैलोगणती दूर झाली होती. अशा ठिकाणी मोटार ही चैन राहत नाही, ती पायातल्या चपलेइतकी गरजेची होते. इंधन स्वस्त आणि रस्ते रुंद असल्यामुळे गाड्याही वाढत गेल्या. त्या काळच्या कॅडिलॅक एल्डोराडो या गाडीचे इंजिन ८.२ लिटरचे होते. आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या ‘फियाट’चे इंजिन १.१ लिटरचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे फरकाची कल्पना येईल.

६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्त व सीरियाचे इस्राएलशी युद्ध सुरू झाले. अमेरिकेने इस्राएलला मदत केली म्हणून अरब तेल-उत्पादक देशांनी उत्पादन घटवले आणि अमेरिकेला तेल देणे बंद केले. युद्धापूर्वी सुमारे तीन डॉलरला मिळणारे खनिज तेलाचे पिंप जानेवारी १९७४ मध्ये जवळजवळ बारा डॉलरवर गेले. पंपांपुढे रांगा लागल्या. रविवारी पेट्रोल विकू नये, असे आवाहन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पंपचालकांना केले. ओरेगॉन राज्यात गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा अंक सम असेल तर सम तारखेला आणि विषम असेल तर विषम तारखेला पेट्रोल मिळेल, अशी पद्धत सुरू झाली. महामार्गांवरची वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर (सुमारे ८९ कि.मी.) आणली गेली.

मार्च १९७४ मध्ये बंदी उठली, पण किंमत पूर्वपदावर आली नाही. १९७४ साली एका गॅलनला सरासरी ५३ सेंट मोजावे लागत होते.

मोठी गाडी जास्त का पिते?

इथे थोडे थांबून एक हिशेब करू. हा हिशेब नववीच्या वर्गातही करता येईल. २,००० किलोची गाडी ताशी ५४ कि.मी., म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने जात आहे. तिची गतिज ऊर्जा (½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग) २,२५,००० ज्यूल भरते. पुढे सिग्नल लाल झाला की चालक ब्रेक दाबतो आणि ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन निघून जाते. सिग्नल हिरवा झाला की तेवढीच ऊर्जा इंधनातून पुन्हा मिळवावी लागते. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे ३.२ कोटी ज्यूल ऊर्जा मिळते. तिच्यापैकी साधारण एक पंचमांश चाकांपर्यंत पोचते, असे धरू. मग अशा एका थांब्याची किंमत सुमारे ३५ मिलिलिटर पेट्रोल होते. गाडी १,००० किलोची असती तर ती निम्मी झाली असती.

मोकळ्या महामार्गावर वजनापेक्षा हवेचा विरोध महत्त्वाचा ठरतो. गाडीचा समोरचा भाग जितका उंच आणि रुंद, तितकी हवा जास्त बाजूला सारावी लागते. शिवाय हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेगमर्यादा खाली आणण्यामागे हेच कारण होते. तिसरी गोष्ट इंजिनाची. पेट्रोलचे मोठे इंजिन बहुतेक वेळ आपल्या ताकदीच्या थोड्याशा भागावरच चालते आणि अशा वेळी त्याची कार्यक्षमता कमी असते. आठ बैलांचा नांगर घेऊन परसातला वाफा नांगरण्यासारखाच हा प्रकार आहे.

किंमत रातोरात, गाडी पंधरा वर्षे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पेट्रोलची किंमत एका रात्रीत बदलू शकते. गाडीचे तसे नाही. एकदा कारखान्यातून बाहेर पडली की ती दहा-पंधरा वर्षे रस्त्यावर राहते. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांचे सरासरी वय आता बारा वर्षांहून अधिक आहे. म्हणजे स्वस्ताईच्या वर्षी घेतलेल्या निर्णयाचे बिल महागाईच्या वर्षीही भरत राहावे लागते. पेट्रोल दुप्पट झाले म्हणून कुणी घर किंवा नोकरी लगेच बदलत नाही. प्रवास तेवढाच राहतो आणि खर्च वाढतो.

मग मोठी गाडी विकून लहान का घेत नाहीत? कारण त्याच दिवशी बाकीच्यांनाही तीच विकायची असते. २००८च्या उन्हाळ्यात गॅलनचा भाव ४ डॉलर ११ सेंटवर गेला, तेव्हा मोठ्या गाड्यांचा जुन्या बाजारातला भाव कोसळला. कर्ज काढून गाडी घेतलेल्यांच्या कर्जाचा आकडा गाडीच्या किमतीच्या वर गेला. गाडी ठेवावी तर पेट्रोल परवडत नाही आणि विकावी तर कर्ज फिटत नाही, अशी कोंडी झाली.

याची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. भाव पडलेली मोठी गाडी मोडीत निघत नाही. ती स्वस्तात मिळते म्हणून कमी उत्पन्नाचा माणूस ती घेतो. पहिल्या मालकाने हौसेने निवडलेली तहानलेली गाडी अशी हळूहळू त्या माणसाकडे जाते, ज्याला तिची तहान भागवणे सर्वांत जड असते. नव्या गाड्यांचा आकार ठरवणारा ग्राहक वेगळा असतो आणि तिचे पेट्रोल बरीच वर्षे भरणारा वेगळा.

कायद्यातली एक रेषा

हा प्रश्न नुसत्या किमतीवर सोडता येणार नाही, हे १९७३ नंतर अमेरिकी संसदेच्या लक्षात आले. डिसेंबर १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ऊर्जा धोरण व बचत कायद्यावर सही केली. प्रत्येक कंपनीने विकलेल्या मोटारींची सरासरी १९७८ पर्यंत गॅलनला १८ मैल (लिटरला सुमारे ७.७ कि.मी.) आणि १९८५ पर्यंत २७.५ मैल (सुमारे ११.७ कि.मी.) झाली पाहिजे, असे बंधन त्यात होते. १९७९ साली इराणमधील क्रांतीनंतर तेल पुन्हा भडकले आणि कायदा व किंमत या दोन्ही बैलांनी एकाच दिशेने गाडा ओढला. जुन्या मोठ्या गाड्यांवरच भिस्त ठेवणारी क्रायस्लर कंपनी बुडण्याच्या बेतात आली. जानेवारी १९८० मध्ये सरकारी कर्जहमीचा कायदा करून तिला वाचवावे लागले. जपानी छोट्या गाड्यांनी बाजारात पाय रोवले.

परिणाम मोजता येतो. १९७५ साली नव्या हलक्या वाहनाची सरासरी लिटरला सुमारे ५.६ कि.मी. होती. १९८७ साली ती सुमारे ९.४ कि.मी. झाली. याच काळात सरासरी वजन सुमारे १,८४० किलोवरून १,४६० किलोवर उतरले.

परंतु या कायद्यात एक रेषा आखलेली होती. मोटारींना एक नियम आणि ‘हलक्या ट्रक’ना दुसरा, सौम्य नियम. त्यामागचा हेतू समजण्यासारखा होता. हलके ट्रक शेतकरी, सुतार, गवंडी वापरत, त्यांच्या पोटावर पाय येऊ नये. पेट्रोल जास्त पिणाऱ्या गाड्यांवर १९७८च्या कायद्याने बसवलेला विशेष करही मोटारींपुरताच होता. त्यातच भर म्हणजे बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर १९६४ पासून २५ टक्के आयातकर होता. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर लावला, त्याला उत्तर म्हणून तो बसवलेला होता! थोडक्यात, ट्रकच्या बाजूला नियम सौम्य होता, विशेष कर नव्हता आणि परदेशी स्पर्धाही थोडी होती.

उत्पादकांनी काय केले असेल, ते सांगायला नको. चार चाकांना गती देणारी यंत्रणा आणि जमिनीपासून पुरेशी उंची असली की वाहन कायद्याने ‘ट्रक’ ठरू शकत होते. ट्रकच्या सांगाड्यावर मऊ आसने, गालिचा आणि वातानुकूलन बसवले की कुटुंबाची गाडी तयार. १९८४ची जीप चेरोकी आणि १९९० मध्ये आलेली फोर्ड एक्सप्लोरर यांनी ‘एस.यू.व्ही.’ या प्रकाराला लोकप्रिय केले. भारासह एकूण वजन सुमारे ३,८५० किलोंच्या वर गेले तर त्या काळी मायलेजचा नियमच लागू होत नसे. शेतकऱ्यासाठी ठेवलेल्या दारातून उपनगरातले कुटुंब आत आले.

दरम्यान, १९८६ साली तेलाचे भाव कोसळले होते. १९९८ साली एका गॅलनचा सरासरी भाव १ डॉलर ६ सेंट होता. रांगा आठवणाऱ्यांची संख्या रोडावली. १९९६ पासून काही वर्षे तर नियम कडक करण्यासाठी पैसा खर्च करायलाच संसदेने सरकारला मनाई केली होती. २००४ साली नव्या वाहनाची सरासरी लिटरला ८.२ कि.मी.पर्यंत खाली आली आणि वजन पुन्हा १,८६० किलोंच्या पुढे गेले. अभियंते या काळात झोपले होते असे नाही. इंजिने सुधारलीच होती. १९८७ साली सरासरी ११८ अश्वशक्तीची असलेली गाडी २००४ साली २११ अश्वशक्तीची झाली. सुधारणेतून जे वाचले, ते पेट्रोल वाचवण्याऐवजी वजन आणि ताकद यांवर खर्ची पडले.

पुढे नियम कडक झाले, सरासरी सुधारली. पण २०११ नंतरच्या नियमांत चाकांमधले क्षेत्रफळ जितके मोठे तितकी सवलत जास्त, अशी पद्धत आली. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने तर हे नियम न पाळणाऱ्या कंपन्यांवरचा दंडच शून्यावर आणला.

रेषा आखली की वस्तू तिच्याभोवती आकार घेते, हे आपणही पाहिले आहे. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या मोटारींचे उत्पादनशुल्क कमी झाले. त्यानंतर चार मीटरच्या किंचित आत बसणाऱ्या, मागचा भाग आखूड केलेल्या गाड्या आपल्या रस्त्यांवर दिसू लागल्या. लांबी आवरली गेली, उंची मात्र वाढत राहिली.

मायलेजचा चकवा

शेवटी तो भागाकार. एका घरातली जुनी गाडी लिटरला ५ कि.मी. देते. तिच्या जागी ६ कि.मी. देणारी घेतली. दुसऱ्या घरात लिटरला १५ कि.मी. देणाऱ्या गाडीच्या जागी २० कि.मी. देणारी आली. दोन्ही गाड्या वर्षाला १०,००० कि.मी. धावतात. जास्त पेट्रोल कुणी वाचवले? वर्गात हा प्रश्न विचारा आणि आधी हात वर करायला सांगा. बहुतेक हात दुसऱ्या घराच्या बाजूने वर होतील. मग फळ्यावर हिशेब मांडा. पहिल्या घराचा खर्च २,००० लिटरवरून १,६६७ लिटरवर आला, बचत ३३३ लिटर. दुसऱ्या घराचा ६६७वरून ५००वर आला, बचत १६७ लिटर. पहिल्या घराने दुप्पट वाचवले!

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या लॅरिक आणि सोल या संशोधकांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हा चकवा मांडला. मायलेज भाजकात असते हे आपण विसरतो, म्हणून ही फसगत होते. २०१३ पासून अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवरच्या चिठ्ठीत शंभर मैलांना किती गॅलन लागतील, तेही छापले जाते.

या गणिताचा अर्थ इतिहासाशी जोडून पाहण्यासारखा आहे. सर्वांत तहानलेल्या गाडीत केलेली थोडीशी सुधारणाही सर्वांत जास्त इंधन वाचवते. अमेरिकेच्या कायद्याने नेमक्या त्याच गाड्यांसाठी नियम सौम्य ठेवला होता.

विद्यार्थ्यांना एक काम जरूर द्या. घरच्या, शेजारच्या किंवा गावातल्या पाच वाहनांचे वजन आणि मायलेज विचारून घ्यावे आणि प्रत्येकाला १०० कि.मी.ला किती लिटर लागतात, त्याचा तक्ता करावा. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना ठेवावा: हे वाहन आणखी किती वर्षे चालेल? पेट्रोलचा आजचा भाव त्या रकान्यात लिहिता येणार नाही, कारण तेवढी वर्षे तो टिकत नाही. गाडी मात्र टिकते.