गाणं सगळ्यांना पाठ, लिहिणारा कोण?



बरेलीच्या बाजारात झुमका पडल्याचं गाणं आपल्यापैकी कुणाला माहीत नाही? हळदीला, गॅदरिंगला, गणपतीच्या मांडवात आपल्या पोरी त्यावर नाचतात. मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत मी विचारलं, हे गाणं कुणी गायलं? लगेच उत्तर आलं, आशाताईंनी. पडद्यावर कोण नाचलं? साधना. आणि लिहिलं कुणी? सगळ्या गप्प. एक मावशी म्हणाल्या, "अगं, ते लिहिलेलं असतं होय?" मग सगळ्याच हसल्या.

लिहिलेलं असतं. हे गाणं लिहिणाऱ्याचं नाव राजा मेहदी अली खान. उर्दू वाचणारे लोक त्यांना विनोदी कवी म्हणून ओळखतात. आपण त्यांना ओळखत नाही, पण त्यांची गाणी भाकरी थापता थापता गुणगुणतो. आज त्यांचीच गोष्ट सांगते.

ते मूळचे पंजाबचे. आज तो भाग पाकिस्तानात आहे. त्यांची आई स्वतः उर्दूत कविता करायची. म्हणजे ज्या काळात बाईच्या हाती पुस्तक दिसलं तरी लोक नाव ठेवायचे, त्या काळात या मुलानं आईला लिहिताना पाहिलं.

मोठेपणी ते लाहोरला गेले आणि नोकरी मिळाली ती कुठे, तर 'फूल' नावाच्या मुलांच्या मासिकात आणि 'तहजीब-ए-निस्वाँ' या बायकांच्या साप्ताहिकात. या साप्ताहिकाबद्दल थांबून सांगायलाच हवं. 1898 साली मुहम्मदी बेगम आणि त्यांचे पती सय्यद मुमताज अली यांनी ते लाहोरात सुरू केलं. संपादक होत्या मुहम्मदी बेगम. घर कसं चालवावं, मुलींना का शिकवावं, बाईचे हक्क कोणते, असं त्यात छापून यायचं. पडद्यात राहणाऱ्या बायका घरूनच पत्रं आणि लेख लिहून पाठवायच्या. मुहम्मदी बेगम 1908 साली वारल्या, पण साप्ताहिक पुढे कितीतरी वर्षं चाललं. अशा ठिकाणी आपल्या या लेखकाची लेखणी तयार झाली. बायकांचं बोलणं कसं असतं, हे त्यांना एवढं अचूक कसं कळलं, याचं थोडं उत्तर मला इथे सापडतं.

दुसरं महायुद्ध चालू असताना ते दिल्लीला ऑल इंडिया रेडिओत आले. आपल्यासारखीच रेडिओची माणसं झाले म्हणा ना! तिथे सआदत हसन मंटो, कृष्ण चंदर, उपेंद्रनाथ अश्क असे मोठे लेखक रेडिओसाठी लिहीत होते. मंटोंशी त्यांची दोस्ती जमली आणि त्या दोस्तीतूनच ते मुंबईला फिल्मिस्तान कंपनीत आले. 1946 च्या 'आठ दिन' या चित्रपटाची कथा मंटोंची. त्यात अशोककुमारबरोबर मंटो, अश्क आणि आपले राजा मेहदी अली खान या तिन्ही लेखकांनी चक्क कामंही केली.

पुढच्याच वर्षी देशाची फाळणी झाली. त्यांचं गाव सीमेपलीकडे गेलं. मंटो 1948 साली लाहोरला निघून गेले. राजा मेहदी अली खान आणि त्यांच्या पत्नी ताहिरा मात्र मुंबईतच राहिले. ज्याचं गावच परक्या देशात गेलं, त्या माणसानं 1948 च्या 'शहीद' चित्रपटासाठी देशावर जीव ओवाळणाऱ्या जवानांचं गाणं लिहिलं. पंधरा ऑगस्टला ते अजून वाजतं.

आता त्यांच्या विनोदाकडे येऊ. त्यांची एक कविता चाळिसाव्याच्या जेवणावर आहे. मुसलमानांत माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी जेवण घालतात. कवितेतली पाहुणेमंडळी एका दमात गेलेल्या माणसाचे गुण गातात, डोळे पुसतात आणि दुसऱ्या दमात ताटात अजून वाढा म्हणतात. तेराव्याच्या पंगतीत आपण हे पाहिलेलंच आहे. तिथे कोणी वाईट नसतं. रडू खरं असतं आणि भूकही खरी असते. ही गंमत त्यांनी टिपली.

आणि हाच हसवणारा माणूस चित्रपटात बाईच्या मनातलं हळुवार बोलणंही लिहायचा. संगीतकार मदन मोहन यांच्याबरोबर त्यांची जोडी जमली. 1962 चा 'अनपढ' आठवा. शाळेची पायरी न चढलेल्या मुलीला लग्नानंतर काय काय सोसावं लागतं, याची ती गोष्ट. त्यातली लताबाईंची गाणी यांचीच. 1964 च्या 'वो कौन थी'मधली, साधनाच्या तोंडची गाणी यांची. 'मेरा साया' 1966 सालचा, आणि तो तर आपल्या मराठी 'पाठलाग'वरून बेतलेला! झुमक्याचं गाणं त्यातलंच. त्याच वर्षी, 29 जुलै 1966 ला, राजा मेहदी अली खान मुंबईत वारले. गाणी मागे राहिली, नाव मात्र विरत गेलं.

पूर्वी रेडिओवर गाणं लावण्याआधी गायक, संगीतकार आणि गीतकार अशी तिघांची नावं सांगायची पद्धत होती. आता मोबाईलवर गाणं नुसतं सुरू होतं.

पण मोबाईलला कशाला दोष देऊ? चूक माझ्याही हातून झाली आहे. महिला दिनाच्या कार्यक्रमात आमच्या गटातल्या एका आजींनी पाण्याच्या हंड्यावर रचलेलं गाणं आम्ही म्हटलं. माइकवर मी सांगितलं, "आता सादर आहे गटगीत." टाळ्या पडल्या. आजी काहीच बोलल्या नाहीत. कार्यक्रम संपल्यावर त्यांची नात माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ताई, ते तर आजीनं केलंय. तिचं नाव का नाही घेतलं?" मला उत्तर देता आलं नाही.

बचतीच्या वहीत कुणाचे दहा रुपये जमा झाले, हे आपण नावानिशी लिहितो. एकीचे दुसरीच्या नावावर गेले तर बैठकीत भांडण होतं, आणि ते व्हायलाच हवं. मग ओवी, गाणं, नाटुकलं कुणी रचलं, याची नोंद का नसावी? आता आमच्या गटाच्या वहीत शेवटची चार पानं त्यासाठीच राखून ठेवली आहेत. पहिलं नाव त्या आजींचं आहे.

तुमच्या गटातही अशी कुणी असेल. तिला विचारा, लिहून घ्या आणि रेडिओवर येताना तिचं नाव घेऊन या. आणि पुढच्या लग्नात झुमक्याचं गाणं लागलं की शेजारणीला सांगा, हे लिहिणाऱ्याचं नाव राजा मेहदी अली खान.