परक्यांच्या जहाजांवरील आपला खलाशी

राधानगरीहून फोंडाघाट उतरलें, कीं कोंकण लागतें. त्या कोंकणांतील कित्येक घरांची चूल पिढ्यान्‌पिढ्या विलायती आगबोटींवरील पगारावर पेटत आली. मुंबईंत भरती होणाऱ्या जहाजांवर डेकवर बहुधा रत्नागिरीकडील सारंग, टंडेल व खलाशी असत. भोजनगृहांत गोमंतकीय असत. भरती सारंगाच्या हातीं असे. म्हणून त्यास दस्तुरी द्यावी लागे, आणि खलाशी बंदर सोडण्यापूर्वींच कर्जांत बुडे.

हा मनुष्य कायद्याच्या दृष्टीनें कोण होता? इ. स. १८२३ च्या ब्रिटिश कायद्यानें असें ठरविलें, कीं हिंदी खलाशी राजाचे प्रजाजन असले, तरी जहाजावरील गणतीपुरते ते ‘ब्रिटिश खलाशी’ नव्हेत. पुढें त्यांच्यासाठीं निराळा ‘एशियाटिक’ करार रूढ झाला. त्यांत पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या ते पांचव्या हिश्श्याइतका, आणि निजावयास जागाही कमी. राज्य करण्यापुरता तो आपला, पगार देण्यापुरता परका!

१९१४-१८ च्या महायुद्धांत सुमारें साडेतीन हजार हिंदी खलाशी मृत्यु पावले. पाणसुरुंगानें कोणाचा वर्ण पाहिला नाहीं. तथापि १९२५ सालीं ब्रिटनमध्यें हुकूम निघाला, कीं ज्या काळ्यासांवळ्या खलाशांस आपलें प्रजाजनत्व कागदोपत्रीं सिद्ध करतां येणार नाहीं, त्यांनीं परदेशीय म्हणून पोलिसांत नोंद करावी. अखेर १९३९ सालीं दुसरें महायुद्ध सुरू होतांच अनेक बंदरांतील हिंदी खलाशांनीं काम नाकारलें. कित्येक तुरुंगांत गेले; पण पगार वाढला. याचनेनें न मिळालेलें एकजुटीनें मिळालें.

साम्राज्य गेलें, तरी ती युक्ति गेली नाहीं. ब्रिटनच्या १९७६ च्या वंशभेदविरोधी कायद्यांतही परदेशांत भरती केलेल्या खलाशांस कमी पगार देण्याची वाट मोकळी ठेविली होती. २००६ चा सागरी श्रमिक करार २०१३ पासून अमलांत आला व भारतानें तो २०१५ सालीं मान्य केला. त्यानें लेखी नोकरीकरार, नियमित पगार व विश्रांति यांची हमी दिली. नोकरीसाठीं खलाशाकडून पैसे घेण्यास, म्हणजे त्या जुन्या दस्तुरीसच, मनाई केली. परंतु समान कामास समान पगार हें तत्त्व तेथें मार्गदर्शक सूचनांत आहे, सक्तीच्या नियमांत नाहीं.

एवढें अंतर अद्याप कापावयाचें आहे. परका कोण, हें पगार देणाऱ्यानेंच ठरवावयाचें, तोंपर्यंत न्याय बंदराबाहेरच नांगर टाकून उभा राहणार.