चिखलाची लॉग फाईल

सर्व्हर बोंबलला की आम्ही आधी लॉग बघतो. पण नुसता लॉग बघून काही कळत नाही, सगळं सुरळीत चालू असतानाचा लॉग शेजारी ठेवावा लागतो. फरक दिसला की चोर सापडला! हीच युक्ती मातीच्या बाबतीत कशी आली, ते या विकांताला वाचत बसलो होतो.

रेअर अर्थ म्हणजे लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची मूलद्रव्यं. नावात 'रेअर' असलं तरी साध्या मातीतही ती असतात. सिरियम दहा लाख भागांत साधारण 60-70 भाग, ल्युटेशियम मात्र जेमतेम अर्धा! त्यात सगळ्यांचे रासायनिक स्वभाव इतके सारखे, की वेगळी करताना नाकी नऊ येतात.

1930च्या दशकात जर्मनीत, ग्योटिंगेनला व्हिक्टर गोल्डश्मिट यांच्याकडे मिनामी नावाचे जपानी रसायनशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांनी युरोप आणि जपानमधले शेल घेतले. शेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा चिखल दबून झालेला खडक. अनेक नमुन्यांची पूड एकत्र करून त्यातली रेअर अर्थ वेगळी काढली आणि क्ष-किरणांच्या वर्णपटावरून मोजली. 1935 साली आकडे आले. जगाची दोन टोकं, पण प्रमाण जवळजवळ तेच! नद्यांनी डोंगर झिजवून, कालवून सरासरी आधीच काढून ठेवली होती.

त्याच वर्षी नाझी राजवटीमुळे ज्यू गोल्डश्मिटना जर्मनी सोडावी लागली. 1942 साली नॉर्वेत अटक झाली. छळछावणीकडे निघालेल्या जहाजाच्या धक्क्यावरून ते थोडक्यात सुटले आणि स्वीडनला निसटले. 1947 साली वारले. आकडे मात्र मागे राहिले.

त्यांचा उपयोग काय? सम अणुक्रमांकाची मूलद्रव्यं शेजारच्या विषमांपेक्षा जास्त असतात, त्यामुळे आलेख करवतीसारखा दिसतो. प्रत्येक आकडा शेलच्या सरासरीने भागला की करवत सपाट होते, आणि एखादं टेंगूळ असेल तर लगेच डोळ्यात भरतं. 1996 साली बाऊ आणि डुल्स्की यांना बर्लिनच्या नद्यांच्या पाण्यात असंच गॅडोलिनियमचं टेंगूळ दिसलं. कारण? एमआरआयच्या वेळी टोचतात ते औषध! पेशंटच्या लघवीतून सांडपाण्यात, तिथून थेट नदीत.

कुणीतरी साठ वर्षं आधी जुना चिखल मोजून ठेवला होता, म्हणून हे कळायची सोय झाली. असो. सोमवारी 'डॉक्युमेंटेशन नंतर करू' म्हणताना मला जरा लाज वाटणार आहे.