गर्भाशय-अंतःस्तराची ग्रहणक्षमता चाचणी
गर्भाशयाचा अंतःस्तर भ्रूण स्वीकारण्यास तयार आहे का, हे भ्रूणरोपणापूर्वी पाहण्याची पद्धत. नेहमीची तपासणी सोनोग्राफीने होते : अस्तराची जाडी साधारण ७ मिमी. वा अधिक असावी आणि त्याचे तीन थर स्पष्ट दिसावेत, अशी अपेक्षा असते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून शरीरबाह्य फलनाने (आयव्हीएफ) हर्षा ही मुलगी जन्मली, तेव्हा अस्तराची जनुकीय चाचणी नव्हती. ती २०११ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी मांडली. तिच्यात प्रोजेस्टेरॉन सुरू केल्यावर सुमारे १२० तासांनी अस्तराचा बारीक तुकडा काढून दोनशेहून अधिक जनुकांची सक्रियता पाहतात. त्या चक्रात रोपण होत नाही, महिना जातो. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्या जोडप्यांना तर रजाही जुळवावी लागते, म्हणून फायद्याचा पुरावा कसून तपासायलाच हवा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७६७ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात या चाचणीनुसार वेळ ठरवलेल्या गटात ५८.५ टक्के, तर नेहमीच्या वेळेच्या गटात ६१.९ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. युरोपीय प्रजननवैद्यक संस्थेनेही २०२३ मध्ये ही चाचणी सरसकट करू नये, अशी शिफारस केली.